लग्नाचा मंडप आणि गाण्याचा धनी

नाताळ उरकला, की प्रायश्चित्तकाळ लागेपर्यंतचे थोडे आठवडे आमच्या गावोगावी लग्नांच्या घाईचे असतात. या दिवसांत वधूपित्याच्या मनावर किती ओझी असतात, हे आम्ही निराळे सांगावयास नको. जेवणावळ, हॉलचे भाडे, कपडे, बँड, गाड्या, अशा प्रत्येक गोष्टीचा हिशेब त्याने महिनेन् महिने आधी मांडून ठेविलेला असतो. अलीकडे या हिशेबात एक नवेच कलम येऊन बसले आहे. हॉलचा अथवा हॉटेलचा व्यवस्थापक ऐन वेळी म्हणतो, ''गाण्याचा परवाना आणा, नाहीतर संगीत वाजवू देता येणार नाही.'' कोणी एक परवाना सांगतो, कोणी दोन, कोणी तीन. मुलीच्या लग्नाला चार दिवस उरलेले, घर पाहुण्यांनी भरलेले. अशा वेळी कायद्याची चौकशी करीत कोण बसणार? बिचारा बाप पैसे भरतो आणि मनातल्या मनात चरफडतो.

या गोष्टीविषयी आमच्या कानी दोन मते येतात. पहिले असे, की हा सारा लुटीचा प्रकार आहे. गाणे हे वाऱ्यासारखे, ते सर्वांचे, त्याला कसला आला धनी आणि कसले आले भाडे? दुसरे असे, की मागतील ते देऊन मोकळे व्हावे, उगाच कोर्टकचेरीची भानगड नको. आमच्या मते ही दोन्ही मते अपुरी आहेत. पहिल्यात दुसऱ्याच्या कष्टांचा विसर आहे. दुसऱ्यात स्वतःच्या न्याय्य हक्काचा विसर आहे. म्हणून आज या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम गाण्याला धनी असतो काय, ते पाहू. एखादे गाणे आपण ऐकतो तेव्हा आपणांस ते एकच वाटते. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यात निदान तीन वस्तू असतात. शब्द ही पहिली वस्तू, ते कवीचे. चाल ही दुसरी, ती संगीतकाराची. ते गाणे गाऊन, वाजवून, यंत्रावर उतरवून जे ध्वनिमुद्रण तयार होते ती तिसरी. ते मुद्रण करविणाऱ्या कंपनीचे. याशिवाय ज्याने गळा दिला आणि ज्याने वाद्य वाजविले, त्या कलावंताचाही स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्याने मानला आहे. गावचा बँड रंगमंचावर उभा राहून एखादे गाणे वाजवितो, तेव्हा तो शब्द आणि चाल या दोहोंचाच उपयोग करतो. डीजे तेच गाणे यंत्रावर लावतो, तेव्हा ध्वनिमुद्रणाचाही उपयोग होतो. एकाच गाण्यासाठी दोन-दोन परवाने का मागितले जातात, या कोड्याचे उत्तर यात आहे.

या हक्काचा उगम पाहण्यासाठी आपणांस थोडे दूर, फ्रान्स देशाच्या राजधानीपर्यंत जावे लागेल. १८४७ साली पॅरिस शहरातील 'अँबॅसॅडर' नावाच्या एका कॅफेत एर्नेस्त बूर्जे हा गीतकार जाऊन बसला. तेथे वादकमंडळी त्याचीच गाणी सादर करीत होती व ती ऐकत गिऱ्हाइके खातपीत होती. बूर्जेने आपले पेय संपविले आणि पैसे देण्याचे नाकारले. त्याचे म्हणणे सरळ होते: तुम्ही माझ्या गाण्याचे दाम देत नाही, तर मी तुमच्या पेयाचे का द्यावे? प्रकरण न्यायालयात गेले. १८४९ साली वरिष्ठ न्यायालयानेही त्याच्या बाजूने निकाल दिला आणि १८५१ साली गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांची एक संस्था तेथे स्थापन झाली. एकटा कवी देशातल्या प्रत्येक कॅफेत जाऊन बसू शकत नाही. म्हणून सर्वांच्या वतीने एकाने वसुली करावी व ज्याचा त्याला वाटा पोचवावा, ही या संस्थेमागील कल्पना. आज जगात अशा ज्या संस्था आहेत, त्या सर्व याच वाटेने चालतात.

आपल्या देशात १९५७ साली कॉपीराइट कायदा झाला आणि १९६९ साली गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था निघाली. पण संस्था निघाली म्हणून कष्टकऱ्याच्या हाती दाम पडलेच असे नाही. याची साक्ष द्यावयास गोव्याएवढे योग्य स्थळ दुसरे नसेल.

मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा जो सुवर्णकाळ म्हणतात, त्यात गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा हात किती मोठा होता, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक आहे. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही मुले मुंबईस गेली आणि व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो घेऊन स्टुडिओत बसली. संगीतकार चाल सांगे. कोणते वाद्य कोठे आणि किती वाजावे याची मांडणी करून ती कागदावर उतरविण्याचे काम अरेंजर करी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, तसेच सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील मोठी नावे. वादकाला त्या त्या दिवसाच्या कामाचे पैसे मिळत. ते हातावर पडले की व्यवहार संपला. पडद्यावर नाव अनेकदा येत नसे. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले, तरी त्याचा एक पैसाही वादकाच्या घरी फिरून येत नसे. १९७७ साली एका चित्रपटातील गाण्याने अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाच्या कानाकोपऱ्यांत नेले. ते नाव ज्यांचे, त्या गुरूंचे शिष्य असलेल्या प्यारेलाल यांचा त्या गाण्याच्या संगीतात वाटा होता. नाव घरोघर पोचले. परंतु हा माणूस खरोखरीचा आहे, हे कितीजणांस माहीत होते?

त्याच १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. चित्रपटाच्या निर्मात्याने मोबदला देऊन गीत व संगीत करवून घेतले असेल, आणि उलट करार नसेल, तर त्या गीत-संगीताच्या हक्काचा पहिला धनी निर्माताच ठरतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यास एक स्वतंत्र टीप जोडली व गाणाऱ्याच्या कलेला कायद्यात काहीच संरक्षण नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले. ती उणीव भरून निघण्यास फार वर्षे लागली. २०१२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यासाठी राज्यसभेत गीतकार जावेद अख्तर यांनी हिरिरीने बाजू मांडली होती. त्या दुरुस्तीप्रमाणे, चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे दाखविले जाते तेवढा उपयोग सोडून, इतर उपयोगांच्या रॉयल्टीत गीतकार व संगीतकार यांचा निम्मा वाटा राहतो. हा वाटा त्यांना विकून वा लिहून देता येत नाही. भिडेपोटी अथवा पोटाच्या निकडीने एखाद्याने सही केली, तरी ती सही त्याचा वाटा बुडवू शकत नाही. व्यापारी उपयोगासाठी कलावंताचे सादरीकरण वापरले गेल्यास त्यालाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. ही दुरुस्ती २०१२ च्या जून महिन्यात अंमलात आली. अँथनी गोन्साल्विस त्याच वर्षीच्या जानेवारीत निवर्तले होते. आणि ते असते तरी, अरेंजरच्या हाती या दुरुस्तीने फारसे काही पडले नसते. कारण चाल रचणारा तो संगीतकार, अशी कायद्याची व्याख्या आहे.

आता, गाण्याला धनी आहे हे मान्य करून, लग्नाच्या प्रश्नाकडे वळू.

कायदा करणाऱ्यांनी लग्नघराचा विचार केलाच नाही, असे नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, कोणत्या गोष्टी केल्याने हक्काचा भंग होत नाही, याची एक लांबलचक यादी आहे. त्या यादीत १९९४ च्या दुरुस्तीने एक पोटकलम घातले गेले. त्याचा भावार्थ असा: खऱ्याखुऱ्या धर्मविधीच्या ओघात, किंवा केंद्र सरकार, राज्य सरकार वा स्थानिक संस्था यांच्या शासकीय समारंभात गीत-संगीत सादर केले अथवा ध्वनिमुद्रण वाजविले, तर तो भंग नव्हे. आणि पुढे खुलासा आहे, की धर्मविधी या शब्दात लग्नाची मिरवणूक व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ यांचाही समावेश होतो. म्हणजे चर्चमधील मिस्सेच्या वेळचे गायन तर सोडाच, पण वरातीचा बँड आणि लग्नानिमित्त होणारा आनंदसोहळा यांनाही कायद्याने सवलत दिली आहे.

मग वाद कशाचा? वाद 'निगडित' या एका शब्दाचा. घराच्या अंगणात रोस घालताना म्हटलेली गाणी लग्नाशी निगडित, यात कोणास शंका नाही. परंतु पंचतारांकित हॉटेलात तीन दिवस चालणारा, परगावाहून आलेल्या श्रीमंतांचा थाटमाट, ज्यात हॉटेल, आयोजक कंपनी व डीजे हे सर्व आपापला नफा काढतात, तोही सारा 'निगडित' काय? हक्कदार कंपन्या म्हणतात, नाही. हॉटेलवाले म्हणतात, होय. केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून लग्नाच्या सवलतीची आठवण सर्वांस करून दिली. त्यानंतर ३० जानेवारी २०२४ रोजी गोवा सरकारने परिपत्रक काढले, की लग्नाच्या व धार्मिक समारंभांसाठी असा परवाना कोणी मागू नये. गोव्यातील अनेक घरांस त्यामुळे हायसे वाटले. परंतु कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले.

या निकालाचा अर्थ पुष्कळांनी उलटा लाविला, म्हणून येथे थोडे थांबून समजून घ्यावे. लग्नाची सवलत संपली, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. संसदेने केलेल्या कायद्याची व्याप्ती सरकारी परिपत्रकाने वाढविता येत नाही आणि हक्कदारांचे कायदेशीर उपाय शासनाला अडविता येत नाहीत, एवढाच त्याचा मथितार्थ. परिपत्रक गेले, कलम जागच्या जागी आहे. एखादा विशिष्ट सोहळा त्या कलमात बसतो की नाही, हे वाद झाल्यास न्यायालयाने त्या त्या सोहळ्याची हकीकत पाहून ठरवावयाचे. आमच्या खेड्यातील साधे लग्न, जेथे मिस्सेनंतर आप्तेष्ट जमतात, टोस्ट होतो, केक कापला जातो, नवरा-नवरी नाचतात आणि कोणाकडूनही प्रवेशाचे पैसे घेतले जात नाहीत, ते त्या खुलाशाच्या शब्दांत सरळ बसते, असे आम्हांस वाटते. अशा घरच्या माणसाने परवान्याच्या मागणीने घाबरून जाण्याचे कारण नाही.

परंतु याच मापाने दुसरी बाजूही मोजली पाहिजे. त्याच हॉलमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री तिकीट लावून नाच ठेविला, फेस्ताच्या निमित्ताने मोठा बँड बोलावून प्रवेशशुल्क घेतले, अथवा एखाद्या उपाहारगृहाने गिऱ्हाइके ओढण्यासाठी दर शनिवारी गायक बसविला, तर तो व्यापार झाला. तेथे 'आम्ही गावचे, आम्हांस कोण विचारतो' असे म्हणणे न्यायाचे नव्हे. जो खुर्च्यांचे भाडे देतो, विजेचे बिल भरतो, बँडला बिदागी देतो, त्याने ज्या गाण्यासाठी लोक आले त्या गाण्याच्या कर्त्यालाच तेवढे विसरावे, हे कसे योग्य?

मध्यंतरी एक वाट आहे, ती आमच्या नाटकमंडळींनी व गायकवृंदांनी ध्यानात ठेवावी. हौशी मंडळाने, फुकट येणाऱ्या प्रेक्षकांपुढे, अथवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गीत, नाटक वा संगीत सादर केले, तर त्यासही कलम ५२ मध्ये सवलत आहे. चर्चच्या छपरासाठी गावच्या तरुणांनी बसविलेला कार्यक्रम या सवलतीत येतो. मात्र ही सवलत मंडळाने स्वतः केलेल्या सादरीकरणास आहे. धंदेवाईक बँड वा डीजे पैसे देऊन आणिला, तर मंडळाच्या नावाआड त्याला लपविता येणार नाही.

हॉलच्या मालकांनी, आणि यात चर्चचे व गावच्या संस्थांचे हॉलही आले, आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. नफ्यासाठी जागा भाड्याने दिली आणि तेथे हक्कभंग झाला, तर कलम ५१ प्रमाणे जागा देणाराही जबाबदार धरला जाऊ शकतो. आपणांस ते ठाऊक नव्हते व तसा संशय येण्यास कारणही नव्हते, हे त्याला दाखवावे लागते. व्यवस्थापक मंडळी परवान्यासाठी एवढी का हटून बसतात, याचे कारण हे आहे. ते सर्वच लबाड असतात असे नाही. पुष्कळदा ते स्वतःच भ्यालेले असतात. म्हणून हॉल ठरविताना, हातघाईची वेळ येण्याच्या कितीतरी आधी, या विषयाचे बोलणे उरकून घ्यावे आणि कार्यक्रम लग्नाचा आहे, प्रवेश विनामूल्य आहे, एवढे भाड्याच्या कागदावर लिहवून ठेवावे.

आणि कोणी पैसे मागण्यास आलाच, तर रागावू नये व घाबरूही नये. त्याला चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. आपण कोणत्या संस्थेच्या वतीने आलात? शब्द-चालीच्या हक्काचे पैसे मागता की ध्वनिमुद्रणाच्या? आपले दरपत्रक कोठे प्रसिद्ध आहे? लग्नाची सवलत आम्हांस लागू नाही, असे आपण कशावरून म्हणता? हे लेखी मागावे. नोंदणीकृत संस्थेवर आपले दरपत्रक प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे, आणि ते अन्यायाचे वाटल्यास न्यायालयात दाद मागण्याची सोय कायद्यातच आहे. वर सांगितलेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी २०१७ पासून नव्याने नोंदलेली आहे. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र, नोंदणी नसलेल्या कंपनीस असे परवाने विकता येतात काय, हा वाद मोठमोठ्या न्यायालयांत लढला गेला आहे. २०२५ साली तो दिल्ली उच्च न्यायालयाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. विद्वान वकिलांत जेथे एकमत नाही, तेथे खेड्यातील बापाने पावती आणि कागद मागितला, तर त्यात काही उद्धटपणा नाही. पावतीवाचून रोख रक्कम कोणाच्याही हाती देऊ नये. ती खऱ्या धन्यापर्यंत पोचेल, याची मग काहीच खात्री उरत नाही.

उलट जेथे परवाना खरोखरच लागतो, तेथे पैसे भरून थांबू नये. कार्यक्रमात कोणकोणती गाणी झाली, याची यादी संस्थेकडे द्यावी. ती यादी नसेल, तर वसूल झालेले पैसे कोणाचे हे कसे ठरणार? लहान गावातील कवीच्या, कोंकणी वा मराठी संगीतकाराच्या वाट्यास त्यामुळे फार थोडे येते. गाण्याचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे चालतो. क्रिस पेरी २००२ साली वारले; त्यांच्या चालींचा हक्क २०६२ सालच्या अखेरीपर्यंत राहील. ज्यांच्या कर्त्यास जाऊन साठ वर्षे लोटली, अशी जुनी गाणी मात्र कोणीही मोकळेपणी गावीत.

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही लेखणी आवरती घेतो. लग्नाला परवान्याची सवलत आहे, ती कागदावरील शुल्काची. जो माणूस तुमच्या अंगणात उभा राहून रात्री बारापर्यंत ट्रम्पेट फुंकतो, त्याच्या बिदागीला कोणत्याही कलमाने सवलत दिलेली नाही. आमच्या खेड्यांत असे पुष्कळदा घडते, की केकवाल्याचे, हॉलवाल्याचे, गाडीवाल्याचे पैसे वेळेवर चुकते होतात आणि बँडवाल्यास मात्र, ''पुढच्या आठवड्यात या,'' असे सांगितले जाते. तो आठवडा कधी महिन्यावर जातो, कधी वर्षावर. संकोचाने तो मागत नाही. मागितले तर घासाघीस होते. मुंबईच्या स्टुडिओत ज्यांचे नाव कोणी लिहिले नाही, त्यांच्याविषयी आपण हळहळतो, ते योग्यच आहे. परंतु त्यांचेच भाऊबंद आपल्या मांडवात काळा कोट घालून उभे असतात. पाहुण्यांस निरोप देण्यापूर्वी बँडमास्तरला बाजूस बोलवावे, ठरलेली रक्कम त्याच्या हातात द्यावी, त्याच्या माणसांस पोटभर जेवू घालावे आणि मगच दिवे मालवावेत. हा परवाना मागण्यास कोणी निरीक्षक येत नाही. म्हणून तो घरच्या कर्त्या माणसाने आपण होऊन पाळावयाचा आहे.